आप्पा बसलेत

आमच्या भावकीतले आप्पा घराबाहेर पडताना खताच्या रिकाम्या गोणीची घडी काखेत मारतात. नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी भरून आणायला निघाले. तसं नाही. ती बसायची गोणी. जागा पटेल तिथं अंथरायची आणि बसायचं. मोबाईल नाही, तंबाखू नाही, गप्पांचाही आग्रह नाही. नुसतं बसायचं.

कवठे येमाईत सकाळी कुणाच्या ओट्यावर कोवळं ऊन येतं आणि दुपारी कुठं वारं लागतं, हे आप्पांना विचारावं. शिरूरच्या बँकेत काही काम नसताना अर्धा दिवस पंख्याखाली बसून आले. "जागा ब्येस हाय, पर मान्सं लय उठबस करत्यात," म्हणाले. एकदा दौंडला साखरपुड्याला जायचं म्हणून फाट्यावर जाऊन बसले. एसटी आली, थांबली, गेली. का नाही चढलात विचारलं, तर म्हणाले, "आत्ता कुठं बूड टेकलं हुतं."

मला हे बघवत नाही. मी याद्या करणारी बाई. गोठ्याची वेगळी, किराण्याची वेगळी आणि राहिलेल्या कामांची तिसरी. आप्पा आमच्या ओट्यावर बसले की मी त्यांच्यापुढं लसूण सोलायला ठेवायची. दोन पाकळ्या सोलून ते ताट सरकवायचे. "सूनबाई, घाई कुणाला हाय?"

घाई मला असायची.

गेल्या उन्हाळ्यात आमची गाय चांदी व्यायला झाली. पहिलारू. तिला जन्म देतानाच तिची आई गेली होती, तेव्हापासून बाटलीनं पाजून मीच वाढवलेली. त्या दिवशी हे कंपनीत ड्यूटीवर. डॉक्टरांना फोन केला तर ते लांबच्या गावात अडकलेले. म्हणाले, पहिलं वेत आहे, वेळ लागणार. सारखं जवळ जाऊ नका, लांबून लक्ष ठेवा, पाय दिसायला उशीर झाला तर फोन करा.

लांबून लक्ष ठेवणं मला जमतं कुठं? पाणी तापवलं, बारदान अंथरलं, नाळेला लावायचं औषध काढलं, यादीवर खुणा केल्या आणि पुन्हा गोठ्यात. चांदी आडवी व्हायची, कण्हायची. मी आत गेले की धडपडून उभी राहायची, की कळ मोडली. मी बाहेर, ती आडवी. मी आत, ती उभी. तिच्या आईचंही असंच लांबलं होतं.

आप्पा कधी आले कळलंच नाही. गोठ्याच्या दाराबाहेर, कडुनिंबाखाली त्यांनी गोणी पहिल्यांदाच पूर्ण उलगडली आणि निम्मी मोकळी ठेवली.

"बस."

मी म्हटलं, "आप्पा, गेली म्हंजे?"

"मला त्यातलं काय कळत न्हाई. पर तू उभी ऱ्हायलीस की ती बी उभी ऱ्हाती. बस."

बसले. हात कुठं ठेवायचे सुचेना. मी उठायला लागले की आप्पा न बघताच नुसतं "हं" करायचे. हळूहळू चांदीचा श्वास ऐकू यायला लागला, मग माशांची घोंघों, मग पानांची सळसळ. भीती तशीच होती, पण डोक्यातली पळापळ थांबली होती. आणि खरं सांगते, तेवढ्या भीतीतही बरं वाटत होतं.

चांदी आडवी झाली ती उठली नाही. दोन खूर दिसले, मग नाक. कालवड झाली. चांदी तिला चाटायला लागली तशी मी रडले. आप्पा तेवढ्यापुरते झाडाकडं बघत बसले.

ऊन कललं. कालवड उभी राहून पिऊ लागली. म्हटलं, आता घरी जा आप्पा, जेवून घ्या.

"वार पडायची हाय की अजून. तवर बसतो."

वासरामागून येणारी वार पडेपर्यंत कुणीतरी थांबावंच लागतं, नाहीतर गाय ती खाते. पण ते काम माझं. तसं म्हटल्यावर ते गोणीची दुमडलेली कड सरळ करत राहिले.

"घरी जाऊन तरी काय, कुलूपच काढायचं."

आप्पांच्या बायकोला, आक्कांना, जाऊन वर्ष झालं होतं. लेकी आपापल्या घरी. सगळ्या गावाच्या ओट्यांवर बसणाऱ्या आप्पांना त्यांच्या स्वतःच्या ओट्यावर बसलेलं मी तेव्हापासून पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं वार पडली. मी ती टोपलीत घेतली, आप्पांच्या समोरूनच नेली आणि परसात पुरली. हात धुऊन दोन ताटं वाढून आणली आणि गोणीवर बसले.

आप्पांनी भाकरी मोडली.

"पडली का गं?"

"अजून नाही."

"मग थांबाया लागंल," ते म्हणाले आणि कडुनिंबाला टेकून बसले.