मामा विचारणारे देवळे सर

नवा माणूस भेटला की लोक नाव-गाव विचारतात. आमचे शेजारी देवळे सर मामा विचारत. "मामाला लागलं, तर रक्त थांबतं का हो?"

सेलूच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत. रक्त न थांबण्याचा आजार ज्या जनुकामुळे होतो, त्याच्या ठावठिकाण्याचा त्यांना ध्यास. शोध लागायचे परदेशात, हरखायचे सर. "गुणसूत्र म्हणजे गाव, जनुक म्हणजे घर. गाव सापडलंय, गल्ली सापडत आलीय. आता घराला खोल्या किती, तेवढं कळू द्या!" मग भाजीवालीलासुद्धा सांगत, "हे आईकडून लेकाला येतं, बरं का."

माझा त्यांच्यावर राग जुना. मी सरकीची पोती उचलत वर आलेला माणूस. मेथीच्या जुडीलाही घासाघीस करणार. हे मात्र सांगेल तो भाव देऊन मोकळे! गल्लीचा भाव यांनीच चढवला. त्यात एकदा माझ्या दुकानाच्या फळीवर त्यांनी खडूनं माझ्या सासरवाडीची वंशावळ काढली. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. माझा मेहुणा लहानपणी दात पडून रक्त जाऊन वारला, त्याचा चौकोन गच्च भरलेला. गिऱ्हाइकांना वाटलं, दुकानावर जप्ती आली. मी लय बोललो. सर म्हणाले, "रागावू नका शेटजी, चौकोन बघा किती सरळ आलाय."

पुढं माझ्या लेकीच्या, मंगलच्या पोराची हिरडी फुटली, रक्त थांबता थांबेना. डॉक्टरांनी तोच आजार सांगितला. पेडगावच्या विहीणबाई सुनेला अन् नातवाला घेऊन माझ्या दारात.

"खोट तुमच्या घरची आसंल, तर ठिवून घ्या तुमची लेक."

मी तापलो. आवाज ऐकून सर आले. विहीणबाईंनी त्यांनाच धरलं. "सर, तुमी शिकलेले. हे कुणाकडून आलंय?"

सरांनी मंगलकडं बघितलं.

"कुणाकडूनच नाही, मावशी. कधीकधी लेकरातच नव्यानं होतं. पोराला पडू देऊ नका. रक्त आलं की सरळ दवाखाना गाठा."

"मंजी हिच्या माहेरचं न्हाई?"

"नाही."

विहीणबाई निवळल्या. चहा घेऊन सुनेसकट गाडीला गेल्या.

मी सरांना म्हणालो, "माझा मेहुणा तर तुम्हाला ठाऊक होता."

"माझा धाकटा भाऊ असाच गेला, शेटजी. हे आईकडून येतं, असं कुण्या वैद्यानं आजीला सांगितलं. खरंच सांगितलं त्यानं. आजीनं आईला झरीला माहेरी धाडलं, कायमचं. माझं रक्त थांबत होतं. मला ठेवून घेतलं."