बंद म्हणजे चालू!

"मम्मी, आजपासून तू निर्धास्त झोप! मुंगूस काय, मुंगसाचा खापरपणजोबा आला तरी तुझ्या कोंबडीच्या पिसाला धक्का लागणार नाही!"

पापडी गावातल्या घराच्या मागच्या अंगणात, खुराड्यासमोर उभं राहून, हातातला स्क्रू ड्रायव्हर तलवारीसारखा उंचावून ॲल्रॉयने ही घोषणा केली. कोंबड्यांनी माना तिरक्या करून ती ऐकली. मार्गारेटने पदराला हात पुसत ऐकली. आणि कुंपणापलीकडून जॉयस आत्याने जरा जास्तच लक्ष देऊन ऐकली.

"मुंगसाला वाचता येतं का रे?" आत्याने विचारलं. "नाही म्हणजे, ही एवढी तारांची रांगोळी काढलीस ती त्याला कळायला हवी ना!"

ॲल्रॉय हसला. अडाणी लोकांवर शास्त्रज्ञ हसतात तसं हसला. तो भौतिकशास्त्राचा एम.एस्सी. होता आणि वालीवच्या एका छोट्या कारखान्यात नुकताच डिझाइन विभागात लागला होता. कारखाना रिले आणि रीड स्विच बनवायचा. त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न त्याला दोनच प्रकारांत दिसे: जिथे रिले बसवला आहे तो, आणि जिथे अजून बसवायचा राहिला आहे तो.

खुराड्याचा प्रश्न मात्र खरोखर गंभीर होता. गेल्याच आठवड्यात मुंगसाने दोन देशी कोंबड्या नेल्या होत्या. मार्गारेटची प्रत्येक कोंबडी नावाने ओळखली जाई. तिच्या मते त्या तिच्याशी बोलतही. त्या दोघी गेल्या तेव्हा ती दिवसभर जेवली नव्हती. नेमकी तेव्हाच जॉयस आत्या सांत्वनाला आली आणि सांत्वन करता करता म्हणाली, "तुला जमत नसेल तर माझ्याकडे दे, मार्गारेट. माझ्या कोंबड्या होत्या तेव्हा मुंगूस फिरकायचं नाही. मालकीण बघून येतात ती!"

मार्गारेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणखी एक जरी कोंबडी गेली ना, जॉयसबाय, तर सगळ्याच्या सगळ्या तुम्हाला देऊन टाकीन!"

"खरंच?"

"खरंच!"

बोलून बसली आणि जीभ चावली. पण नणंदेसमोर टाकलेला शब्द स्टॅम्प पेपरवरच्या सहीपेक्षा पक्का असतो. परत कसा घेणार? म्हणून ॲल्रॉयला खुराड्याची सूत्रं मिळाली होती.

यंत्र तसं सुबक होतं. रीड स्विच म्हणजे बोटाच्या पेराएवढी काचेची बारीक नळी. आत दोन लवचीक पात्या, टोकांशी एकमेकींवर आलेल्या, पण मध्ये केसाएवढी फट ठेवून. रुसलेल्या जावाच जणू! चुंबक जवळ आणला की दोघी क्षणात एकमेकींना बिलगतात, चुंबक दूर नेला की पुन्हा दुरावतात. पाती जाड केली तर चुंबकाला दाद देत नाही, फार बारीक केली तर बिलगलेली सुटत नाही. हा तोल साधण्यातच तर ॲल्रॉयचे दिवस जात. नळी त्याने खुराड्याच्या चौकटीला बसवली, चुंबक दाराला. तिथून तार थेट स्वयंपाकघरातल्या एका पेटीत. पेटीत रिले (वीज मिळाली की खटकन बसणारा, गेली की सुटणारा खटका), हिरवा दिवा आणि कारखान्यातून भंगारात निघालेली पाळीची घंटा. ही घंटा वाजली की जुने कामगार आजही नकळत जेवणाचा डबा शोधू लागतात, असं म्हणत.

"आता नीट ऐक," त्याने मार्गारेटला समोर बसवलं. "खुराड्याचं दार बंद असलं की स्विच बंद. स्विच बंद म्हणजे रिले चालू. रिले चालू म्हणजे घंटा बंद."

मार्गारेटने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे सगळं बंद असलं की चालू?"

"बरोबर! आणि दार उघडलं, की स्विच उघडतो, रिले बंद पडतो आणि घंटा चालू होते."

"म्हणजे बंद पडलं की चालू?"

"तेच तर डोकं आहे यात! कुणी तार तोडली, वीज गेली, काहीही झालं तरी रिले सुटतो आणि घंटा वाजते. घंटेची बॅटरी वेगळी आहे. चोराने कितीही हुशारी केली तरी तिला गप्प करता येणार नाही!"

"चोराला नाही, आणि आपल्याला?"

हा प्रश्न ॲल्रॉयला इतका बाळबोध वाटला की तो नुसता हसून पुढच्या कामाला लागला. दिवसा उजेड असेपर्यंत घंटा झोपून राहील आणि अंधारू लागलं की आपोआप जागी होईल, अशी सोयही त्याने केली. मग कुणी आत बोटं घालू नयेत म्हणून पेटी चहूबाजूंनी स्क्रू पिळून बंद केली आणि स्क्रू ड्रायव्हर बॅगेत टाकून तो कामाला निघून गेला.

त्या संध्याकाळी मार्गारेटने कोंबड्या डालल्या, खुराड्याचं दार लावलं. पेटीवर हिरवा दिवा लागला. घरात शांतता पसरली. मार्गारेट खिडकीजवळच्या वेदीपुढे मेणबत्ती लावून रोझरीला बसली.

तेवढ्यात ॲल्रॉयचे वडील ॲन्सेल्म वाडीतून परतले. दिवसभर केळीत राबलेले, मोबाइल मेलेला. चार्जर लावायला प्लग शोधला, तर तिथे ॲल्रॉयच्या पेटीचा प्लग! पेटीकडे पाहिलं. आवाज नाही, हालचाल नाही.

"बंदच तर आहे," ते स्वतःशी म्हणाले, आणि तो प्लग काढून तिथे चार्जर खोचला.

ट्रर्रर्रर्रर्रर्र!

मार्गारेटच्या हातून जपमाळ निसटली. ॲन्सेल्मच्या हातून मोबाइल. भांड्यांच्या फळीवरची ताटं थरथरू लागली.

मार्गारेटने आपल्या फोनवरून ॲल्रॉयला गाठलं. तो त्या वेळी कारखान्यात एका नव्या रिलेच्या चाचणीसमोर बसला होता. चाचणी संपेपर्यंत उठायचं नाही, अशी त्याच्या विभागप्रमुख संपदा मॅडमची आज्ञा होती.

"ॲल्रॉय, तुझी घंटा वाजतेय!"

"शाब्बास!" ॲल्रॉय आनंदाने म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे स्विच उघडा आहे! लगेच बंद करा!"

"अहो, तो म्हणतोय स्विच बंद करा!"

ॲन्सेल्मनी चार्जरचा स्विच खटकन बंद केला.

"केला रे!"

"झाला बंद?"

"झाला!"

"मग घंटा वाजणं शक्यच नाही."

"हे घे, ऐक!" मार्गारेटने फोन पेटीला लावला. वालीवमध्ये ॲल्रॉयच्या कानात पाळी सुटली.

"म्हणजे बंद झालेला नाही! नीट बंद करा, पक्का!"

"अहो, पक्का बंद करा म्हणतो!"

ॲन्सेल्म आज्ञाधारक माणूस. त्यांनी पंखा बंद केला. दिवे बंद केले. फ्रिज बंद केला. तरीही घंटा थांबेना, तेव्हा स्टुलावर चढून मेन स्विचच ओढला. घर काळोखात बुडालं. घंटा वाजतच होती. उलट काळोखात ती आणखी खणखणीत वाटू लागली!

बाहेरून हे कसं दिसलं असेल, याची कल्पना करा. ॲन्सेल्मच्या घरात एकाएकी अंधार, आत धोक्याची घंटा, आणि खिडकीत थरथरणारी एक ज्योत! समोरचे मायकल अंकल 'आग, आग' ओरडत बादली घेऊन धावले आणि खिडकीतून त्यांनी ज्योतीवर पाणी फेकलं. मेणबत्ती विझली. तिच्या मागे, काय झालं ते बघायला आलेली जॉयस आत्या उभी होती. तीही विझली.

"अरे मायकल, डोळे आहेत की बटणं?"

"जॉयस, तू आहेस होय! मला वाटलं आग!"

"आता लागेल!"

इकडे फोनवर ॲल्रॉय शास्त्रीय पद्धतीने विचार करत होता. "मम्मी, खुराड्याचं दार नीट बसलं नसेल. पात्या आणि चुंबकात अंतर पडलं असेल. दार पूर्ण उघडा आणि पुन्हा बंद करा."

मार्गारेट, ॲन्सेल्म, ओलीचिंब आत्या आणि बादलीसकट मायकल अंकल अशी वरात खुराड्याशी पोचली. अंकलनी दार पूर्ण उघडलं आणि मोबाइलचा टॉर्च थेट आत मारला.

कोंबड्या आधीच घंटेने अर्धमेल्या झाल्या होत्या. त्यात हा उजेड! एकच कल्लोळ झाला. कुणी अंकलच्या डोक्यावरून, कुणी आत्याच्या खांद्यावरून, कुणी बादलीत पाय देऊन, सगळ्या फडफडत कुंपणापार झाल्या आणि आत्याच्या जांभळीवर दिसेनाशा झाल्या.

"माझी रोझी! माझी मेबल!" मार्गारेट अंधारात हाका मारू लागली.

"एकही धरता आली नाही ना?" आत्या पदर पिळत म्हणाली. आणि रिकाम्या खुराड्यापासून आपल्या जांभळीपर्यंत तिने सावकाश नजर फिरवली.

कारखान्यात संपदा मॅडम मघापासून ॲल्रॉयचं बोलणं ऐकत होत्या. "घरी कुणाशी भांडतोयस रे? सारखं 'बंद करा, बंद करा'?"

"मॅडम, साधा रीड स्विच आहे, तोही यांना बंद करता येत नाही!"

"त्यांनी काय बंद केलं?"

"स्विच!"

"कुठला?"

ॲल्रॉयने हातातल्या फोनकडे पाहिलं. मग समोरच्या रिलेकडे.

"अरे बाबा," मॅडम म्हणाल्या, "पात्या जुळल्या, प्रवाह सुरू झाला, की आपण त्याला बंद म्हणतो. घरी बंद म्हणजे बंद! तू त्यांना घर बंद करायला लावतोयस!"

ॲल्रॉयने फोन कानाला लावला. "डॅडी! पेटीचा प्लग कुठे आहे?"

"तो होय? मघाशीच काढलाय मी. बंदच होती ती पेटी."

"लावा तो! आणि मेन चालू करा! सगळं चालू करा!"

"तूच तर बंद म्हणालास!"

"ते वेगळं बंद!"

"बंद किती प्रकारचं असतं रे?" पण ॲन्सेल्मनी प्लग लावला, मेन चालू केला. पेटीत 'टक्' असा बारीक आवाज झाला. खुराड्याचं दार मायकल अंकलनी येताना लावून टाकलं होतं. हिरवा दिवा लागला. घंटा थांबली.

चाचणी मॅडमच्या हवाली करून ॲल्रॉयने स्कूटर दामटली. अंबाडी रोडच्या गर्दीतून वाट काढत तो घरी पोचला तेव्हा सगळे ओट्यावर चहा पीत बसले होते. आत्या मार्गारेटच्या गाऊनमध्ये होती. कोंबड्या जांभळीच्या पार शेंड्यावर होत्या आणि काही केल्या उतरत नव्हत्या.

"राहू दे," मार्गारेट थकून म्हणाली. "सकाळी मोजते."

त्या 'मोजते'मध्ये काय काय होतं, ते ॲल्रॉयला कळलं. झोपण्याआधी त्याने एकदा पेटीकडे पाहिलं. हिरवा दिवा. खुराडं सुरक्षित. तेवढंच समाधान!

पहाटे, अजून पुरतं उजाडलं नव्हतं तोच मार्गारेट जांभळीखाली जाऊन उभी राहिली. ॲल्रॉय मागोमाग. एकेक कोंबडी खाली उतरू लागली. मार्गारेट नावं घेत मोजू लागली. रोझी, मेबल, लंगडी क्लारा... सगळ्या! एकही कमी नव्हती! मार्गारेटने छातीवर क्रूस काढला. ॲल्रॉयची छाती फुगली.

"चला, आता घरात चला गं," म्हणत मार्गारेट पुढे झाली आणि तिने खुराड्याचं दार उघडलं.

आत, गवतावर, फुटलेल्या अंड्यांच्या टरफलांत, एक गुबगुबीत मुंगूस पहुडलेलं होतं! रात्रीच्या धावपळीत, एवढे पाय आणि उजेड बघून बिचारं सापडेल त्या दारात शिरलं असावं. अंकलनी वरून कडी घातली. मग रात्रभर ना कुत्रं, ना पाऊस, ना कुणाची कटकट. उशाशी अंडी, आणि राखणीला रिले!

दोघांची नजरानजर झाली. मुंगूस मार्गारेटच्या पायांमधून बाणासारखं सुटलं आणि केळीत गडप झालं.

ट्रर्रर्रर्रर्रर्र!

घंटेने आयुष्यात पहिल्यांदा नेमून दिलेलं काम चोख केलं होतं. खुराड्यातला प्राणी पळाला म्हणून तिने अख्खी पापडी जागी केली!

तरी शब्दाचा मान राहिला होता. मुंगसाने एकही कोंबडी नेली नव्हती. दिवसभर मार्गारेट हे कुंपणाशी जाऊन, काही ना काही निमित्ताने, मोठ्याने सांगत राहिली. आत्या नुसतं "हो का?" म्हणत राहिली.

संध्याकाळ झाली. मार्गारेटने खुराडं धुऊन काढलं होतं, आत नवं गवत पसरलं होतं. ॲल्रॉयने प्लगवर लाल शाईत 'काढू नये' अशी चिठ्ठी चिकटवली होती. कोंबड्या रांगेने अंगणात आल्या. खुराड्यापाशी थांबल्या. आत डोकावल्या. मुंगसाच्या वासाचं खुराडं आणि रात्री-अपरात्री कर्कश वाजणारी घंटा, यांचा त्यांनी थोडा वेळ शांतपणे विचार केला. मग रोझीने मान वळवली आणि कुंपण ओलांडलं. पाठोपाठ मेबल. मग लंगडी क्लाराही. एकेक करून सगळ्या जांभळीवर चढून बसल्या.

"मी बोलावलं नाही हं!" आत्या आपल्या अंगणातून हात वर करत म्हणाली. "आपल्या पायांनी आल्यात. अंडी काय, तुला लागतील तशी मागून घेत जा, मार्गारेट. आपण काय परके आहोत?"

मार्गारेटने हळूच मुलाकडे पाहिलं.

ॲल्रॉय कुंपणाला टेकून बराच वेळ जांभळीकडे बघत उभा राहिला. चुंबक होता, रीड स्विच होता, घंटाही ठणठणीत होती. झाडाला दार कुठे बसवायचं, एवढाच प्रश्न उरला होता!