पांगारा विरुद्ध पाकट

मार्च महिना होता आणि अनुदान परत जाऊ द्यायचे नाही, असा वरून आदेश होता. म्हणून १९८४ साली नाटे गावच्या शाळेत शेती आणि मत्स्य प्रदर्शन एकाच मांडवात भरले. 'संकीर्ण' गटात बागायतदार आप्पांची फुललेली पांगाऱ्याची फांदी एकटीच होती. एकट्याची स्पर्धा नियमात बसेना आणि बक्षिसाची ढाल परत पाठवायला विस्तार अधिकाऱ्यांची छाती होईना. तेवढ्यात बंदरावरून सगुणा टोपलीत पाकट घेऊन घरी निघालेली दिसली. मासा चपटा, शेपूट लांब, आणि मुख्य म्हणजे नग दुसरा. साहेबांनी टोपली उतरवून घेतली.

"सायब, माझा रघू सांजच्या यष्टीनं जातोय. बोटीवर, वरीसभर. कालवण खाऊन जाऊ दे पोराला," सगुणा काकुळतीला आली.

"बाई, पाच मिनिटांचं काम."

गुणपत्रिका झाडांसाठी छापलेली. फुलोऱ्यात पाकटाला शून्य मिळाले, पण पाण्याच्या आवडीत ते पुढे गेले.

"शेंगा?"

"पिल्लं घालतं वो ते!"

शेंगांच्या रकान्यात पिल्ले धरण्यात आली. काट्यांवर मात्र परीक्षक समिती अडून बसली. पांगाऱ्याला अंगभर काटे, पाकटाला शेपटीवर एखादाच, पण विषारी. प्रत्यक्ष अनुभव घ्यावा, असे एका सदस्याने सुचवले आणि तो चहाला गेला. आप्पा गुरगुरले, "माझ्या पांगाऱ्यावर मिरवेल चढते, मिरी लागते. हिच्या पाकटावर चढवून दाखवा!" मुद्दा बिनतोड होता. मिरवेल आणून पाकटाशेजारी लावण्यात आली आणि तिला चढायला वाजवी मुदत देण्याचे ठरले.

उन्हं कलली. पाकटाला वास सुटला. पांगाऱ्याच्या फुलाला वासच नसल्याने त्या रकान्यात पाकट बिनविरोध जिंकले. सगुणाचा जीव मात्र चुलीपाशी होता. तिने टोपलीला हात घातला.

"निकालाआधी स्पर्धक हलवता येत नाही," साहेब म्हणाले.

तिचे डोळे भरलेले पाहून आप्पाही विरघळले. "द्या हो तिचं तिला. मी हरलो म्हणून लिहा."

"तुम्ही माघार घेतलीत तर स्पर्धक एकच उरतो. मग जिंकायचं कोणी?"

तेवढ्यात नाक्यावर यष्टीचा हॉर्न वाजला. सगुणा हात न धुताच धावत सुटली.

दिवेलागणीला निकाल जाहीर झाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ढाल कोणाला मिळाली, हे विचारायला तुमचीही जीभ वळवळत असेल. मांडवातही सगळे तेच विचारत होते. रघू काय खाऊन गेला, हे तिथेही कोणी विचारलं नाही.