बसायचं नाही!

बागांमधली सगळी बाकडी काढून टाकण्याचं विधेयक पाच वाजेपर्यंत मंजूर झालं नाही, तर बारगळणार होतं. अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. तोवर बोलत राहायचं, असं विरोधी पक्षाने ठरवलं. पण आदल्या दिवशी घोषणा देऊन झाडून सगळ्यांचे घसे बसले. शाबूत उरला एकच घसा, मौनीबाबांचा. अकरा वर्षं आमदार असून त्यांनी तो सभागृहात एकदाही वापरला नव्हता.

"काहीही बोला," पक्षाचा प्रतोद घोगऱ्या आवाजात म्हणाला, "फक्त बसायचं नाही. बसलात की लगेच मतदान."

मौनीबाबांचा जीव तळ्याकाठच्या एका बाकड्यात अडकला होता, म्हणून बिचारे तयार झाले. नवरा बोलणार म्हटल्यावर बायको प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसली. लग्नापासून तिलाही ही संधी पहिलीच होती.

अकराला ते उभे राहिले. बाकड्याच्या एकेका पायावर त्यांनी तासभर घेतला. तीनला पाय संपले, तेव्हा पाढे सुरू केले. एकोणतीसचा पाढा चुकला. सत्ताधाऱ्यांनी दुरुस्ती सुचवली आणि तिच्यावरच्या वादात वीस मिनिटं गेली. चारला पाढेही संपले.

"दमलात हो," सभापती आशेने म्हणाले. "बसा ना."

"बसतोच की रोज!" घाबरून मौनीबाबांच्या तोंडून खरं निघालं. "आमदार झालो तेव्हापासून डॉक्टरांनी संध्याकाळी तासभर चालायला सांगितलंय. बायकोला वाटतं, चालतो. मी तळ्याकाठी बाकड्यावर बसतो! निघताना घाम म्हणून कपाळाला तळ्याचं पाणी लावतो."

बोलून झाल्यावर त्यांना सज्जा आठवला. बसावं तर बाकडं जातं, बोलावं तर आपण जातो. त्यांनी बाकडं वाचवायचं ठरवलं. चपला झिजलेल्या दिसाव्यात म्हणून त्या दगडावर कशा घासायच्या, हे त्यांनी रडवेल्या आवाजात पाच वाजेपर्यंत सांगितलं.

विधेयक बारगळलं. पक्षाने त्यांना खांद्यावर घेऊन मुक्यानेच जयजयकार केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मौनीबाबा बागेत गेले. बाकडं जागच्या जागी होतं. त्यावर बायको बसली होती, हातात घड्याळ घेऊन.

"या. तळ्याला दहा फेऱ्या मारा. अकरा वर्षांचं मागचं नंतर बघू."

"अगं, कालपासून पाय भरून आलेत. आधी जरा..."

"बसायचं नाही!"

मौनीबाबा चालू लागले. बसला होता तो फक्त घसा.