बिजल्याचा पाय

एका जंगलात झाडांपेक्षा तज्ज्ञ जास्त झाले होते. त्यामुळे सावली कमी आणि सल्ले फार. मुलांनो, नीट मांडी घालून बसा, गोष्ट त्याच जंगलाची आहे.

तिथे चपळाबाई नावाची घोडी राहायची. तिला बिजल्या नावाचं एकुलतं एक शिंगरू होतं. पोर भारी उनाड! पण हल्ली ते मधूनच लंगडायचं. सोमवारी लंगडं, मंगळवारी ठणठणीत. ओढ्याकाठच्या दगडांवर लंगडं, आणि तपासायला दरबारातल्या मऊ गवतावर नेलं की नाचत चालायचं.

"बाई, तुमचा मुलगा नाटकी आहे," वैद्यराज घुबड म्हणाले.

चपळाबाई पौर्णिमेचे दिवस मोजू लागली. राजा सिंहाचा नियमच तसा होता. पौर्णिमेपर्यंत ज्याचं लंगडणं थांबणार नाही, त्याला महाराज स्वतः जेवायला बोलवायचे. त्या जेवणाहून अजून कुणी परत आलं नव्हतं.

मग तपासण्यांचा सपाटा सुरू झाला. घुबडांनी बिजल्याची जीभ पाहिली, डोळे पाहिले, शेपटीचे केस मोजले. करकोच्याने पत्रिका मांडली. कोल्हा तर चपळाबाईलाच विचारू लागला, "लहानपणी याला कुणी रागावलं होतं का?"

पाय मात्र कुणी उचलून पाहिला नाही. कसा पाहणार? मोठ्यांनी लहानांच्या पायाला हात लावला की लहानांचं आयुष्य घटतं, अशी त्या जंगलाची पक्की समजूत. आणि तज्ज्ञ तर सगळेच मोठे! बिजल्याच्या बरोबरीच्या पोरांना कुणी विचारलं नाही. पोरांना काय कळतं?

"अहो, एकदा खूर तरी बघा!" चपळाबाई काकुळतीला आली.

"खूर म्हणजे पायच की हो! पोराच्या जिवावर उठलात काय?" घुबड खेकसले.

पौर्णिमा चार दिवसांवर आली. चपळाबाई पोटभर रडली. मग तिने डोळे पुसले, झेंडूची माळ केली, बिजल्याच्या गळ्यात घातली आणि त्याला एका उंचवट्यावर उभं केलं.

"आई, मी काय करू?"

"काही करू नकोस. कुणी काही विचारलं तर नुसतं फुरफुर."

आणि तिने आरोळी ठोकली, "बिजल्यामहाराज प्रकट झाले हो! पृथ्वीला भार नको म्हणून महाराज अधूनमधून तीनच पाय टेकतात!"

काय सांगू मुलांनो, दुपारपर्यंत रांग ओढ्यापार गेली! ससे आले, रेडे आले, करकोचा सहकुटुंब आला. बुवाच्या पायांना वय नसतं, तेव्हा सगळे धडाधड पाया पडू लागले. आपण मागे राहू या धास्तीने घुबडही रांगेत घुसले. त्यांनी महाराजांचा डावा खूर भक्तिभावाने उचलला, कपाळाला टेकवला आणि किंचाळले, "आई गं! टोचलं! खडा आहे इथे!"

खुराच्या तळच्या खाचेत खरंच एक टोकदार खडा रुतला होता. मऊ जमिनीवर तो गप्प बसायचा, दगडांवर खुपायचा.

"काढा तो!" चपळाबाई ओरडली.

"खबरदार!" भक्त गरजले. "महाराजांचा खडा आहे तो!"

झाली का पंचाईत! पण आईच ती. ती म्हणाली, "महाराजांची आज्ञा आहे. हा प्रसाद राजेसाहेबांना द्यायचा."

मग कोण अडवणार? घुबडांनी चोचीने खडा उपटला. बिजल्या टुणकन उडी मारून पळत सुटला, माळ एकीकडे आणि महाराज दुसरीकडे! चपळाबाईला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

सिंहाने प्रसाद माथ्याला लावला. एवढी पवित्र वस्तू ठेवायची कुठे? जिथून आली तिथेच, म्हणून त्याने तो स्वतःच्या पंजात खोचून घेतला. तेव्हापासून राजेसाहेब मधूनच लंगडतात. दगडांवर तर त्यांच्या हाती ससासुद्धा लागत नाही. तज्ज्ञांनी एकमताने निर्वाळा दिलाय की हे लंगडणं नव्हे, राजेशाही चाल आहे. जंगलाची लोकसंख्या मजेत वाढते आहे.

तात्पर्य : पाय दुखत असेल तर वैद्याकडे जाऊ नये. आधी बुवा व्हावं. वैद्य आपण होऊन पायाशी येतो.