बारा पायऱ्यांचं कपाट

त्या सकाळी चित्रकाराच्या घरात तीन कपाटं होती आणि त्यांतलं एकही त्याच्या मालकीचं नव्हतं. एक बाहेरच्या खोलीत आडवं पडलं होतं. दुसऱ्याच्या फळ्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. तिसरं अजून खोक्यातच होतं आणि त्या खोक्यावर बसून त्याची बायको चहा पीत होती, कारण खुर्च्या पहिल्या दोन कपाटांच्या पलीकडे अडकल्या होत्या.

"आज वार कोणता?" तिनं विचारलं.

"गुरुवार."

"चित्रं किती झाली?"

"अठरा."

"चाळीसपैकी?"

"चाळीसपैकीच," तो म्हणाला आणि पेन्सिलीला उगाचच टोक काढू लागला.

ही चाळीस चित्रं शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाची होती. बेडूक, फुप्फुसं, पाणी उपसायचा पंप असा सगळा कारभार. सोमवारी सकाळी ती प्रकाशकाकडे पोचली तर वर्षभराचं काम त्यालाच मिळणार होतं. नाही पोचली तर वर्षापूर्वी सोडलेल्या नोकरीत परत जावं लागणार होतं. नवराबायकोचं तसं ठरलंच होतं, एक वर्ष बघायचं. ते वर्ष आता संपत आलं होतं. जुने साहेब मधे बाजारात भेटले तेव्हा प्रेमानं म्हणाले होते, "तुमचं टेबल तसंच ठेवलंय हो." त्या प्रेमानं त्याला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

मग इतक्या घाईत घरात कपाटं कशाला, असं कोणीही विचारील. ती कपाटवाल्यांची होती. त्यांचा सुट्या भागांच्या कपाटांचा कारखाना होता. गिऱ्हाइकानं खोकं घरी न्यायचं आणि आतलं पत्रक बघून कपाट स्वतः जोडायचं. ते बारा पायऱ्यांचं पत्रक चित्रकारानं काढलं होतं, त्याचे पैसेही वेळेवर मिळाले होते. तिथंच गोष्ट संपायला हवी होती.

पण चित्रकाराला एक खोड होती. एखादी वस्तू स्वतःच्या हातांनी जोडल्याशिवाय तो तिचं चित्र काढत नसे. ज्याच्या बोटात स्क्रू घुसला नाही त्याला बाण कुठं काढायचा ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ही खोड कपाटवाल्यांनी बरोबर हेरली.

"तुम्ही एवीतेवी जोडताच आहात," ते फोनवर म्हणाले, "तर भोकं जुळतात का तेवढं बघा ना."

त्यानं बघितलं. मग एवीतेवी बघतोच आहे तर कुठली फळी आखूड पडते तेही लिहून दिलं. एवीतेवी लिहितोच आहे तर नव्या दोन मॉडेलांचंही बघून द्यावं, असं ठरलं. ते ठरलं कपाटवाल्यांच्या बाजूनं. खोकी दुसऱ्या दिवशी दारात हजर झाली. भटाला दिली ओसरी म्हणतात तशातली गत, फक्त इथं ओसरीही दोन खोल्यांचीच होती.

"नाही म्हणायला काय होतं तुला?" बायको विचारायची.

"अगं, ते म्हणाले, आमच्याकडे तुमच्यासारखा माणूस नाही."

"कसा असेल? फुकट कोण येणार?"

खरं सांगायचं तर 'तुमच्यासारखा माणूस नाही' या तीन शब्दांवर तो आठवडाभर जगू शकत असे. नोकरीच्या अकरा वर्षांत असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. भीड ही भिकेची बहीण हे त्यालाही ठाऊक होतं, पण कौतुक या त्या दोघींच्या भावाला त्यानं कधी ओळखलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी बेडकाचे मागचे पाय काढत असताना फोन वाजला. एक अनोळखी बाई बोलत होत्या.

"सातव्या पायरीवर अडकलेय. डावी फळी कुठली आणि उजवी कुठली?"

"तुम्हाला माझा नंबर कुणी दिला?"

"पत्रकावरच आहे की! खाली कोपऱ्यात. शंका असल्यास फोन करा."

चित्रकारानं पत्रक काढून बघितलं आणि मटकन खोक्यावर बसला. कच्चं चित्र पाठवताना कोपऱ्यात पेन्सिलीनं त्यानं तो मजकूर आणि नंबर लिहिला होता. तो कपाटवाल्यांसाठी होता. त्यांनी तो चित्राचाच भाग समजून दोन हजार प्रतींवर छापून टाकला होता.

त्यानं घाईघाईनं कपाटवाल्यांना फोन लावला.

"अहो, मी तेच सांगणार होतो तुम्हाला!" ते आनंदानं म्हणाले. "लोक भलतेच खूश आहेत. चित्रं काढणारा माणूसच फोन उचलतो म्हणतात. केवढी जाहिरात झाली तुमची!"

"पण मला काम आहे. सोमवारपर्यंत..."

"म्हणून तर! कामाच्या माणसालाच लोक फोन करतात."

संध्याकाळपर्यंत चौदा फोन आले. एकाचा ड्रॉवर आत जाऊन बसला होता तो बाहेर येईना. एकानं पाठची फळी पुढं लावली होती आणि आता तो स्वतः कपाट आणि भिंत यांच्यामध्ये उभा होता. चित्रकारानं त्याला धीर देत देत बाहेर काढलं. बेडकाला मात्र पाय फुटले नाहीत.

शुक्रवारी सातव्या पायरीच्या बाईंचा पुन्हा फोन आला. त्या निवृत्त शिक्षिका होत्या, एकट्या राहत होत्या आणि दोन गल्ल्या सोडूनच त्यांचं घर होतं. फोनवर समजावण्यापेक्षा जाऊन येणं सोपं, असा हिशेब करून तो गेला. तासाभरात कपाट उभं राहिलं. बाईंनी पाणी दिलं आणि पर्स उघडली.

"छे छे, पैसे कसले!" तो सवयीनं म्हणाला.

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी एकदा कपाटाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि पर्स मिटली.

"का हो बाई? काही चुकलं का?"

"नाही, नाही. छान झालंय."

"सांगा ना."

"आता कसं सांगू?" बाई म्हणाल्या. "तुम्ही पैसे घेतले असते तर म्हटलं असतं, दार उलटं बसलंय, कडी पार खाली गेलीय. पण फुकट करणाऱ्या माणसाला चूक कुठल्या तोंडानं दाखवायची? मी वाकून उघडीन हो. होईल सवय."

चित्रकारानं दार काढून सरळ बसवलं, पण कान लाल झाले ते झालेच. आजवर तो समजत होता की फुकट काम करून आपण लोकांवर उपकार करतो. त्या उपकाराखाली एखादी म्हातारी उरलेलं आयुष्य वाकून कपाट उघडणार होती, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली. निघताना त्यानं बाईंकडून पैसे मागून घेतले. देताना बाईंचा चेहरा इतका मोकळा झाला की त्याला स्वतःचाच राग आला.

घरी येऊन तो टेबलाशी बसला. तोंडानं नाही म्हणणं त्याला जमणार नव्हतं, हे तो जाणून होता. जे जमत होतं ते त्यानं केलं. बारा पायऱ्यांचं एक नवं पत्रक काढलं. पहिल्या पायरीत एक माणूस हातात पेन्सिल घेऊन काम करतो आहे. दुसरीत एक मिशीवाला येतो आणि त्याच्या टेबलावर एक छोटं खोकं ठेवतो. मग आणखी एक, मग आणखी एक. नवव्या पायरीत खोक्यांच्या ढिगातून फक्त पेन्सिल वर आलेली दिसते. दहावीत तो माणूस ढिगाबाहेर येतो, अकरावीत सगळी खोकी मिशीवाल्याच्या हातात परत देतो आणि बारावीत दार लावून घेतो. जिथं जोर लावायचा तिथं बाण होते. मिशी हुबेहूब कपाटवाल्यांची होती.

त्यानं डोळे मिटून ते कपाटवाल्यांना पाठवलं, फोन बंद केला आणि बेडूक पुढं ओढला.

शनिवार, रविवार त्यानं मान वर केली नाही. सोमवारी सकाळी चाळीस चित्रं प्रकाशकाच्या टेबलावर होती. चाळिसाव्या चित्रातला पंप घाईत जरा वाकडा झाला होता, पण प्रकाशकांनी करार पुढं सरकवला आणि त्यानं सही केली. घरी येऊन, मन घट्ट करून, त्यानं फोन सुरू केला. कपाटवाल्यांचे एकोणीस फोन येऊन गेले होते. विसावा त्याच्या हातातच वाजला.

"अहो, होतात कुठं?" कपाटवाले ओरडले. "ते पत्रक! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो!"

"माफ करा, मला तसं..."

"तुम्हाला माझं दुःख कसं कळलं? तो ढिगाखालचा बिचारा मीच ना? हे दुकानदार असेच येतात. एवीतेवी कपाट देताच आहात तर फुकट जोडूनही द्या म्हणतात. आणि तो मिशीवाला! नालायकपणा कसा टिपलाय चेहऱ्यावर! मी हे प्रत्येक दुकानात लावणार आहे."

चित्रकारानं घसा खाकरला. "त्यावरचा माझा नंबर... म्हणजे जुन्या पत्रकावरचा..."

"तो काढला शनिवारीच. तुमचा फोन बंद, तर लोक मला विचारायला लागले. काय एकेक माणसं असतात! बरं, एक छोटंसं काम होतं. पेन्सिल काढून त्या बिचाऱ्याच्या हातात पाना द्या. तुम्हाला काय, दोन मिनिटं."

चित्रकारानं समोरच्या तीन कपाटांकडे बघितलं.

"त्याचे पैसे पडतील," तो म्हणाला. "मूळ चित्राचेही. आणि तुमची कपाटं आज घेऊन जा."

आता आकाश कोसळणार म्हणून त्यानं फोन कानापासून जरा लांब धरला.

"बरं," कपाटवाले म्हणाले. "बिल पाठवा. टेम्पो चारला येईल."

फोन बंद झाला. वर्षभर चित्रकार ज्या दाराला पाठ लावून बसला होता ते दार उघडंच होतं, आणि याचा आनंद मानावा की स्वतःची कीव करावी हे त्याला समजेना.

तेवढ्यात आतून बायको हात पुसत बाहेर आली. तिनं कपाटांच्या मागं डोकावलं, दाराबाहेर बघितलं.

"कोण आलं होतं?"

"कुणीच नाही."

"मग आत्ता 'त्याचे पैसे पडतील' असं म्हणत कोण होतं?"