अठरा गाठींच्या जाळ्याची हकीकत

श्री. ज्या एकापासून सर्व अंक उत्पन्न जाहाले त्या एकास प्रथम नमन करोन, आणि ज्या शून्याने त्या अंकांस थोरवी दिली त्या शून्यास नमन करोन लिहितो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, माघ शुद्ध द्वादशी, गुरुवार, ते दिवशी गणिताचे परगण्यात भर सभेत जो प्रसंग गुदरला तो कैसा, म्हणोन थोरांनी पुसिले, त्याजवरून जे पाहिले आणि ऐकिले ते लिहिले असे.

विद्येचे एक राज्य होते, त्याचे नांव लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्यांत गणित, पदार्थविज्ञान, रसायन ऐसे परगणे, आणि दर गुरुवारी तिसरे प्रहरी गणिताचे दालनात सेमिनार भरत असे, आणि तेथील रिवाज ऐसा की ज्याने नवे शोधिले त्याने फळ्यापाशी उभे राहोन सांगावे आणि बसले असतील त्यांणी वाटेल ते विचारावे, धाकट्याने थोरास विचारिले तरी त्यात बेअदबी नाही. रिवाज सांगावयास सोपा. त्या परगण्याचे मुख्य त्र्यंबकराव रिसबूड सर, वय साठीस आलेले, महिनाअखेर निवृत्त व्हावयाचे. त्यांणी जाळ्यांचे गणितात अकरा वर्षे खपून एक मोठा सिद्धांत उभा केला होता. जाळे म्हणजे कागदावर ठिपके द्यावे, त्यांस गाठी म्हणावे, आणि गाठीस गाठ जोडणाऱ्या रेघा, त्यांस दोरे म्हणावे, इतकेच. आणि त्या सिद्धांताचे बुडाशी एक लहान विधान होते, की प्रत्येक गाठीस किमान चार दोरे असोन सरांच्या बाकीच्या अटीही पाळणारे जाळे दोन तुकडे करू म्हटले तर चार दोरे कापल्यावाचून होत नाही. हे विधान सरांची शिष्या यामिनी तांडेल इणे सिद्ध केले होते. यामिनी बंदराकाठची, कोळ्यांचे घरची, तिचे घराण्यात कॉलेज पाहिलेली पहिलीच. पाच वर्षे राबून तिणे प्रबंध लिहिला, तो याच विधानावर उभा.

त्या गुरुवारी सरांणी सिद्धांत सांगावा आणि तो ऐकावयास दूरदेशीच्या विदुषी विशालाक्षी अम्मा याव्या ऐसे ठरले होते. जाळ्यांचे गणितात अम्मांचा शब्द अखेरचा. त्यांणी पसंत केले की लेख त्यांचेबरोबर जाऊन वर्षाचे ग्रंथात छापावा. यास्तव यामिनीने सकाळी आपली सिद्धता पुन्हा वाचावयास घेतली, चूक शोधावी म्हणोन नव्हे, कोणी विचारिले तर उत्तर तोंडी असावे म्हणोन. पहिला प्रकार, एक अथवा दोन दोरे कापले तर जाळे तुटत नाही, तो नीट होता. दुसरा प्रकार, तीन दोऱ्यांचा, तेथे तिणे दोन वर्षांपूर्वी लिहिले होते, "दुसरा प्रकार त्याच रीतीने." मग तिणे त्याच रीतीने करू पाहिले आणि होईना. दुसरे वेळी केले, होईना. मग उलटे धरोन ऐसे जाळे कोठे आहे काय म्हणोन चितारू लागली, आणि साडेदहा वाजता तिचे पुढे कागदावर अठरा गाठींचे जाळे होते, सर्व अटी पाळणारे, आणि मधले तीन दोरे काढले की त्याचे नऊ आणि नऊ ऐसे सरळ दोन तुकडे. तिणे गाठी चार वेळां मोजल्या. 

मग ती सरांचे खोलीपाशी गेली, तो आंत कुलगुरू बसले होते. बारा वाजता पुन्हा गेली, तो सर अम्मांस आणावयास निघोन गेले होते. फोन लाविला, तो उचलिला नाही. तेव्हां जिन्यात इक्बाल मुजावर भेटला, तो तिचाच सोबती, शेजारचे टेबलावर बसोन संशोधन करणारा, त्यास तिणे कागद दाखविला. इक्बालने जाळे पाहिले, बोटाने तीन दोरे झांकले, आणि तो खाली पायरीवरच बसला.

"आणखी कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. सर भेटतच नाहीयेत."

"मग आज गप्प बस. उद्या सांग. भरल्या सभेत त्यांना असं पाडणार आहेस का? आणि तुझा प्रबंध? पाच वर्षं, यामिनी."

"आज अम्मा लेख घेऊन जातील."

"जाऊ देत. नंतर पत्र लिहून दुरुस्त करता येतं."

 यामिनीचे मनात आले की उद्या सांगणे सोपे नसोन आजच्याहून अवघड होईल, परवा त्याहून, आणि मग एक दिवस सांगणे राहोनच जाईल. परंतु सभेत उठोन बोलेन ऐसेही तिणे ठरविले नाही. घरी आईस फोन करावा म्हणोन हातात घेतला आणि तैसाच ठेविला.

तीन वाजता दालन भरले. रसायनवाले आले, पदार्थविज्ञानवाले आले, बसावयास जागा नाही म्हणोन कित्येक भिंतीस टेकोन उभे राहिले. सरांणी नवा सदरा घातला होता. त्यांणी बोलावयास आरंभ केला आणि ऐसे बोलिले की इतक्या वर्षांत कोणी त्यांस तैसे बोलताना ऐकिले नव्हते, आणि यामिनी तिसरे बाकावर कागद घडी करोन मुठीत धरोन बसली, आणि सर एक एक पायरी चढत त्या विधानापाशी येऊ लागले. मग सरांणी विधान फळ्यावर लिहिले, खाली रेघ ओढिली, आणि पुढे जावे तों मागले बाकावरोन अम्मांणी हात वर केला.

"तीन दोऱ्यांचा प्रकार कसा सोडवलात?"

सर हासले. "ते काम माझ्या विद्यार्थिनीचं आहे. यामिनी, सांग बाई यांना."

सारे दालन वळोन तिजकडे पाहू लागले. त्याच रीतीने, इतके दोन शब्द बोलावयाचे होते. अम्मा मान हालवित्या, सर पुढे जाते, आणि संध्याकाळी पेढे वाटले जाते. इक्बाल आपले पायांकडे पाहात होता. यामिनी उठली, बाकांमधून वाट काढीत फळ्यापाशी गेली आणि खडू घेऊन ठिपके देऊ लागली. नऊ डावीकडे, नऊ उजवीकडे. मग दोरे. खडू एक वेळ मोडला, तो आवाज शेवटचे बाकापर्यंत गेला. सर प्रथम कौतुकाने पाहात होते, आणि अर्धे जाळे जाहाले तेव्हां त्यांचे हासणे गेले, कारण त्यांस कळले. बाकीच्यांस अद्यापि कळले नव्हते. जाळे पुरे करोन तिणे बोटाने मधले तीन दोरे पुसिले. एक, दोन, तीन. डावे जाळे डावीकडे राहिले, उजवे उजवीकडे, मध्ये काळा फळा.

"तो प्रकार होत नाही," यामिनी बोलली. "माझी सिद्धता चुकीची आहे. आज सकाळी कळलं. सर, मी दोनदा आले होते तुमच्याकडे."

 अम्मा उठोन फळ्यापाशी आल्या, चष्मा वर करोन एकेक गाठ तपासिली, त्यास बराच वेळ लागला, आणि शेवटी म्हणाल्या, "बरोबर आहे. सिद्धांत उभा राहात नाही." सरांणी आपले कागद गोळा केले, ते नीट जुळेनात, तैसेच छातीशी धरिले, आणि "सभा संपली" इतके बोलोन यामिनीकडे न पाहता निघोन गेले. अम्मा रिकाम्या हाती परत गेल्या.

मग नऊ दिवस सर तिजशी बोलिले नाहीत. वाटेत भेटले तर दुसरे बाजूने जात. परगण्यात दोन पक्ष पडले, एक म्हणे हिणे गुरूचा घात केला, एक म्हणे भले केले, आणि दोन्ही पक्ष तिजसमोर गप्प राहात. यामिनीने बंदराकाठचे शाळेत मास्तरकी मिळते काय म्हणोन अर्ज लिहिला आणि टेबलाचे खणात ठेविला. दहावे दिवशी दुपारी सर तिचे टेबलापाशी येऊन उभे राहिले, दाढी वाढलेली, हातात दोन पाने.

"मला राग आला होता," ते म्हणाले. "तुझ्यावर नाही असं म्हणणं खोटं होईल. तुझ्यावरच आला. आणि ती ओळ मी स्वतः वाचून खाली सही केली होती, त्याचा त्याहून जास्त आला. हे बघ. प्रत्येक गाठीला सम दोरे असतील, चार, सहा, आठ, तर जाळ्याचे दोन तुकडे करताना कापलेले दोरेही समच येतात. तीन येऊच शकत नाहीत. तपास."

"मी?"

"तूच. चूक असली तर तुलाच दिसेल."

मग यामिनीने खुर्ची पुढे केली आणि सर बसले, आणि ती पेन्सिल घेऊन एकेक ओळ वाचू लागली, आणि जेथे शंका आली तेथे विचारीत गेली, आणि सर परीक्षेस बसल्यासारखे उत्तरे देत गेले. दोन पानांस अडीच तास लागले. इक्बाल शेजारी होता, त्याने मान वर केली नाही. शेवटी तिणे पेन्सिल ठेविली.

"बरोबर आहे, सर."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हां त्र्यंबकरावांणी दोन्ही हातांणी तोंड झांकिले, आणि यामिनी उठोन त्यांचे जवळ उभी राहिली.

एकूण हकीकत इतकी. सत्तर पानांचा सिद्धांत गेला, सम जाळ्यांपुरती सात पाने राहिली, ती अम्मांणी छापविली, आणि पहिले पानावर चूक कोणी दाखविली ते सरांणी आपले हातें लिहिले. सर महिनाअखेर निवृत्त जाहाले, मोठा मान मिळाला नाही. यामिनीस प्रबंधास आणखी दोन वर्षे लागली, परंतु जाहाला. विषम जाळ्यांचा प्रश्न अद्यापि कोणास सुटला नाही. बहुत काय लिहिणे.